गाठीचा काठ

९ जून २०२५, सोमवार

नव्या बॅचला आज हात घातला. डेक्स्ट्रानची पांढरी भुकटी तोलली, बफरमध्ये विरघळवली आणि स्टररवर ठेवली. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी, एक पॉलिमर. साखरेवर वाढणारे काही जिवाणू ती तयार करतात. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देण्यासाठी ती फार पूर्वीपासून वापरात आहे, त्यामुळे डॉक्टरांना ती परकी नाही. आमच्या साखळीवर जागोजागी अमाइन गट आहेत. त्या जागांवर दोन गोष्टी जोडायच्या आहेत. एक गॅडोलिनियम, जे एमआरआयच्या चित्रात आसपासचं पाणी उजळ करतं. दुसरा सीवाय ५.५ हा रंग. त्याच्यावर तांबडा प्रकाश पडला की तो ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश परत देतो, आणि तो कॅमेरा टिपतो.

दोन्ही कशाला, हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात येतो. एमआरआय शरीरात कितीही खोल पाहतो, पण त्याला वेळ लागतो, आणि शस्त्रक्रिया चालू असताना बहुतेक ठिकाणी तो हाताशी नसतो. प्रकाशाचं उलट आहे. दृश्य प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, फार लांब तरंगलांबीचा प्रकाश पाणी शोषतं. मधला ७०० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा काय तो उपयोगाचा. त्यातलाही प्रकाश ऊतकात फार तर सेंटिमीटरभर शिरतो. पण पृष्ठभागाशी जे आहे ते तो लगेच आणि बारकाईनं दाखवतो. रेडिओलॉजिस्टला खोली हवी, सर्जनला कड हवी. एकाच रेणूवर दोन्ही खुणा असल्या तर दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतील. कागदावर हे चटकन पटतं. शरीरात ते खरं ठरतं का, यासाठी ही सगळी खटपट.

१२ जून, गुरुवार

शाळेपासूनचा मित्र न्यूरोसर्जन आहे. त्याच्याशी आज निवांत बोलता आलं. मी विचारलं, ऑपरेशनआधीचा एमआरआय तुझ्यासमोर असतो, मग अडतं कुठे?

"अगं, कवटी उघडेपर्यंत तो अगदी बरोबर असतो. मेंदूवरचं ड्युराचं आवरण कापलं, भोवतीचं पाणी निघून गेलं की मेंदू खाली बसतो. गाठ थोडी काढली की आणखी सरकतो. पडद्यावरचा बाण एक जागा दाखवतो आणि माझ्या चिमट्याखाली दुसरीच असते."

हे सरकणं कधी कधी सेंटिमीटरच्याही पुढे जातं. मेंदूत सेंटिमीटर म्हणजे बोलण्याचं केंद्र वाचणं किंवा न वाचणं. त्यातून ग्लायोमा ही गाठ मुळात गोळ्यासारखी नसतेच. शेतात हरळी शिरते तशी ती निरोगी मेंदूत शिरते: वरून उपटली तरी मुळाचा तुकडा राहतो आणि तिथूनच पुन्हा फुटते.

५-एएलए या द्रव्याबद्दल तो आस्थेनं बोलला. रुग्णाला ते ऑपरेशनआधी काही तास तोंडावाटे देतात. गाठीच्या पेशी त्यापासून पोर्फिरिन बनवतात आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली गाठ लालसर उजळते. जर्मनीतल्या स्टुमर यांच्या गटाची २००६ सालची चाचणी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आली होती. साध्या उजेडात ऑपरेशन झालेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, ५-एएलए घेतलेल्यांपैकी ६५ टक्क्यांची. सहा महिने गाठ न वाढता राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेलं. केवळ नीट दिसलं म्हणून एवढा फरक पडला.

निघताना तो म्हणाला, "जे उजळतं ते मी काढतो. जिथे उजळत नाही तिथे खरंच काही नाही, हे मला कोण सांगणार? सौम्य प्रकारच्या ग्लायोमात तर बहुतेक वेळा काहीच उजळत नाही." हे वाक्य लिहून ठेवते. आमच्या कामाचं प्रयोजन त्यात आहे असं वाटतं, अजून नीट मांडता येत नाही.

१६ जून, सोमवार

साखळीवर डोटा जोडून झाला, गॅडोलिनियम भरून झालं. डोटा हा वलयाकार रेणू आठ बाजूंनी धातूला धरून ठेवतो आणि नववी जागा पाण्याच्या एका रेणूसाठी मोकळी सोडतो. तो पाण्याचा रेणू सेकंदाला लाखो वेळा बदलतो. गॅडोलिनियममध्ये सात एकटे इलेक्ट्रॉन आहेत. त्यांच्याजवळून जाणाऱ्या प्रत्येक पाण्याच्या हायड्रोजनचं चुंबकत्व लवकर पूर्वपदावर येतं, आणि एमआरआयमध्ये ती जागा उजळते. हा सगळा खेळ त्या एका मोकळ्या जागेवर चालतो.

पण सुटं गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या जवळचा, त्यामुळे पेशींचे कॅल्शियमचे मार्ग ते अडवतं. त्याला पक्कं धरून ठेवणं किती महत्त्वाचं आहे ते जगाला महागात पडून कळलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे दगडासारखे कडक होऊ लागले. असे पहिले रुग्ण १९९७ मध्ये दिसले. त्याचा संबंध गॅडोलिनियमच्या इंजेक्शनशी आहे हे २००६ साली ऑस्ट्रियातल्या ग्रोबनर यांनी दाखवलं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वेष्टनावर ठळक इशारा सक्तीचा केला. दोष मुख्यतः सरळ साखळीच्या, सैल पकडीच्या संयुगांचा होता. २०१७ मध्ये युरोपनं त्यांतल्या बहुतेकांचा वापर थांबवला. वलयाकार डोटा टिकला, कारण तो धातूला सहजासहजी सोडत नाही. तो धातूला घेतोही तितक्याच सावकाश. म्हणून द्रावण ऊबदार ठेवून रात्रभर ढवळावं लागतं.

आज झायलेनॉल ऑरेंजची परीक्षा होती. साडेपाच-सहा पीएचच्या बफरमध्ये हा दर्शक लिंबाच्या सालीएवढा पिवळा असतो. सुटं गॅडोलिनियम असेल तर तांबूस आणि मग जांभळा होतो. विद्यार्थिनीनं नमुन्याचा थेंब टाकला, नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. क्षणभर पिवळाच राहिला. मग तळापासून एक तांबूस छटा वर सरकली.

"मॅडम, सुटं आहे."

स्पेक्ट्रोमीटरवर ५७३ आणि ४३३ नॅनोमीटरचं गुणोत्तर काढलं, तेही तेच म्हणत होतं. प्रमाण फार थोडं, पण आमच्या कामात 'थोडं' चालत नाही. पुन्हा शुद्धीकरण. ही परीक्षा रंग जोडायच्या आधीच करून घ्यायची असते, सीवाय ५.५ एकदा जोडला की द्रावण निळं होतं आणि दर्शकाचा रंग वाचता येत नाही.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्यांचा मुक्काम शहरात. रस्ते बंद, पेठांमधून टाळ-मृदंगाचा आवाज. दिवसभर घरी बसून जुने शोधनिबंध पुन्हा वाचले.

या विषयातलं जे काम मला सर्वांत प्रामाणिक वाटतं ते २००३ सालचं आहे, 'कॅन्सर रिसर्च'मधलं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मोरित्झ किर्शर, राल्फ वाइसलेडर, ली जोसेफसन आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण डेक्स्ट्रानच्या जाळीत गुंडाळले आणि त्या जाळीला सीवाय ५.५ जोडला. लोहाचे कण एमआरआयमध्ये जागा काळी करतात, रंग कॅमेऱ्यात उजळतो. उंदरांच्या मेंदूतली गाठ ऑपरेशनआधी एमआरआयवर दिसली आणि कवटी उघडल्यावर तीच प्रकाशात दिसली.

हे झालं मथळ्यापुरतं. माझ्या लेखी महत्त्वाचं पुढे आहे. कण जिथे उजळले तिथेच गाठ आहे, हे ठरवायचं कसं? त्यांनी गाठीच्या पेशी अशा निवडल्या की त्या स्वतःच हिरवं चमकणारं प्रथिन बनवत होत्या. म्हणजे गाठीची खरी कड हिरव्या रंगात स्वतंत्रपणे कळत होती आणि आपल्या कणांनी दाखवलेली कड तिच्याशी ताडून पाहता येत होती. आपल्याच साधनाला आपल्याच साधनानं तपासायचं नाही, हा नियम तिथे पाळला आहे. पुष्कळ शोधनिबंधांत सुंदर रंगीत उंदीर असतात आणि ही एक गोष्ट नसते.

तीन वर्षांनी, २००६ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ब्रेकबिल, कोबायाशी, चॉइक यांच्या गटानं लोहाऐवजी गॅडोलिनियम घेतलं आणि त्याला आधार म्हणून डेंड्रिमर. हा फांद्यांना फांद्या फुटत गेलेला पॉलिमर. सहाव्या पिढीला त्याच्या पृष्ठभागावर २५६ अमाइन असतात. उंदरात त्यांनी लसिकाग्रंथी शोधल्या. स्तनाच्या कर्करोगात गाठीतून निघणाऱ्या पेशी आधी कोणत्या ग्रंथीत पोचतात, हे कळलं तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायची वेळ टळते. तिथे खोलीही हवी आणि कापताना डोळ्यासमोर खूणही हवी. दुहेरी साधनाचं हे अगदी नेमकं काम.

२७ जून, शुक्रवार

या वेळी झायलेनॉल ऑरेंज पिवळाच राहिला. काल रंग जोडला. आज डायलिसिस.

बीकरला सगळीकडून अॅल्युमिनियमची फॉइल, कारण उजेडानं रंग मरतो. आत डायलिसिसची नळी, दोन्ही टोकांना चिमटे, खाली चुंबकाची कांडी फिरते आहे. साखळी मोठी, ती नळीच्या भिंतीतून बाहेर येऊ शकत नाही. न जोडलेला रंग लहान, तो बाहेर येतो. फॉइल उघडून पाहिलं तेव्हा बाहेरचं पाणी फिकट निळं झालं होतं. पाणी बदललं. पुढच्या वेळी निळेपणा कळेल न कळेल इतका, त्यापुढे नितळ. नळीतलं द्रावण मात्र गडद निळं. जे आत उरलं ते साखळीला खरोखर जोडलेलं आहे, याची खात्री देणारं याहून साधं आणि याहून भरवशाचं काही मला माहीत नाही.

रंग किती जोडायचा यावर विद्यार्थिनीशी बरीच चर्चा झाली. तिचं म्हणणं, जागा आहेत तर जास्त जोडूया. पण रंगाचे रेणू एकमेकांच्या जवळ आले की एकाने घेतलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि प्रकाश न होताच उष्णतेत संपते. रंग वाढतो, उजेड घटतो. म्हणून एका साखळीवर एखादा-दुसराच. गॅडोलिनियम मात्र डझनांनी. कारण कॅमेऱ्याला नॅनोमोलर रंग पुरतो, एमआरआयला गॅडोलिनियम त्याच्या हजारपट तरी लागतं. रुग्णाला देण्याची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल, ६० किलोच्या माणसाला हिशेबानं जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम. इंडोसायनाइन ग्रीनसारखा शस्त्रक्रियेतला रंग काही मिलिग्रॅममध्ये भागतो.

दोन खुणा एका रेणूवर बसवणं हे रसायनाचं काम आहे आणि ते जमतं. दोघांची भूक इतकी वेगळी असताना एकाच मात्रेत दोघांना पुरेल असं प्रमाण बसवणं, हा खरा अवघड भाग.

५ जुलै, शनिवार

रात्री एका निदान केंद्रात यंत्र मिळालं. शेवटचा रुग्ण गेल्यावरच. १.५ टेस्लाचं यंत्र. टेक्निशियनदादा दारातच म्हणाले, "मॅडम, मोबाईल, घड्याळ, कार्ड सगळं बाहेर. केसांतली पिनसुद्धा." हेअरपिन काढून ट्रेमध्ये ठेवली.

नमुने बारक्या प्लॅस्टिकच्या नळ्यांमध्ये, वाढत्या क्रमानं, पाण्याच्या डब्यात उभे केलेले. प्रत्येक नळी बोटानं टिचकी मारून पाहिली. भिंतीला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर चित्रात त्याच्याभोवती काळा डाग पडतो आणि आकडा बिघडतो. डबा गुडघ्याच्या कॉइलमध्ये बसवला. यंत्राची ठकठक सुरू झाली आणि पडद्यावर राखाडी वर्तुळं उमटली: साध्या पाण्याचं मंद, पुढचं थोडं उजळ, त्याच्या पुढचं अजून. सर्वांत जास्त गॅडोलिनियमची नळी मात्र उजळायच्याऐवजी काळवंडली. तसंच व्हायला हवं. प्रमाण फार वाढलं की संकेत मोजायच्या आतच विरतो.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी 'नेचर'मध्ये चुंबकीय अनुनादाचं पहिलं चित्र छापलं, तेही पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचंच होतं. २००३ मध्ये त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह नोबेल मिळालं. आज जगभर ज्यावर निदानं होतात त्याची सुरुवात नळीभर पाण्यापासून झाली, हे अशा रात्री आठवलं की धीर येतो.

घरी येऊन आलेख काढला. आडव्या अक्षावर गॅडोलिनियम, उभ्यावर संकेत पूर्वपदावर येण्याचा वेग. रेषेचा चढ हीच रेणूची ताकद. साध्या, सुट्या संयुगाचा चढ साधारण ४ असतो. आमच्या साखळीचा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त आला. कारण सोपं आहे: लहान रेणू पाण्यात भरभर गिरक्या घेतो, मोठ्या साखळीला बांधलेला सावकाश, आणि सावकाश फिरणाऱ्याचा पाण्यावर प्रभाव जास्त. डेंड्रिमरसारख्या ताठ आधारावर तो आणखी वाढतो. डेक्स्ट्रान लवचीक, साखळी सावकाश फिरते, पण तिच्यावरचा धातू जागच्या जागी हलत राहतो. लवचीकपणाची ही किंमत मी जाणून दिली आहे, कारण शरीराला डेक्स्ट्रानचे तुकडे करता येतात.

१४ जुलै, सोमवार

दिवसभर एकाच आकड्यापाशी अडखळले: ०.७.

१९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो विद्यापीठातल्या यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं की मोठे रेणू गाठीत साठून राहतात. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईनं वाढलेल्या, भिंतीला फटी असलेल्या. आणि आत शिरलेलं बाहेर वाहून नेणारी लसिकांची व्यवस्था तिथे तोकडी. आमचं अख्खं क्षेत्र या निरीक्षणावर उभं राहिलं. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र मांडले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. आणि हे उंदरांमध्ये, ज्यांच्या अंगावरची गाठ शरीराच्या मानानं फार मोठी असते. माणसामाणसांत, एकाच माणसाच्या दोन गाठींतही, हे प्रमाण बदलतं.

पुष्कळांनी या आकड्यावरून नॅनोकणांचा मार्गच फोल ठरवला. मला तो आकडा वेगळं काही सांगतो, आणि मित्राच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

शस्त्रक्रियेत चुकीचा उजेड एक वेळ परवडतो. सर्जन थोडं जास्त काढतो, किंवा पॅथॉलॉजिस्टकडे तुकडा पाठवतो. चुकीचा अंधार परवडत नाही. एखादी जागा उजळली नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: तिथे गाठ नाही, किंवा तिथे औषध पोचलंच नाही. नुसत्या प्रकाशाला हे दोन वेगळे करता येत नाहीत. पण त्याच साखळीवर गॅडोलिनियम असेल, तर ऑपरेशनच्या आधीच एमआरआय सांगू शकतो की या रुग्णाच्या, या गाठीत, या भागात ती पोचली आहे आणि त्या कोपऱ्यात पोचलेली नाही. मग सर्जनला आधी ठाऊक असेल, कुठल्या अंधारावर विसंबायचं आणि कुठल्या नाही.

आजवर आम्ही सगळे 'दोन चित्रं एकाच औषधात' असं सांगत आलो. त्यापेक्षा हे जास्त नेमकं आहे: पहिलं चित्र दुसऱ्याच्या विश्वासार्हतेची साक्ष देतं. त्यासाठी दोन्ही खुणा एकाच साखळीवर घट्ट हव्यात. दोन वेगळी औषधं एकत्र टोचली तर ती दोन वेगळ्या वाटांनी जातील आणि साक्ष निरर्थक होईल. पॉलिमरचं काम ते हेच.

२२ जुलै, मंगळवार

साप्ताहिक बैठकीत विद्यार्थिनीनं एमआयटीतल्या जेरेमाया जॉन्सन यांच्या गटाचं २०१४ सालचं काम मांडलं, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधलं. त्यांच्या पॉलिमरमध्ये धातू नाहीच. नायट्रॉक्साइड हा कार्बनी रेणू आहे, त्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन. गॅडोलिनियमच्या सातांपुढे एक म्हणजे फारच कमी. पण मधल्या कण्याभोवती बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या दाट फांद्या असलेला पॉलिमर घेतला की एकाच जागी पुष्कळ नायट्रॉक्साइड बसतात. शेजारीच सीवाय ५.५. नायट्रॉक्साइड शाबूत आहे तोवर तो रंगाचा उजेड दाबतो आणि एमआरआयमध्ये स्वतः दिसतो. भोवती क जीवनसत्त्व भरपूर असेल तर नायट्रॉक्साइडचा इलेक्ट्रॉन जोडला जातो, एमआरआयचा संकेत मावळतो आणि रंग उजळतो.

विद्यार्थिनीनं अचूक बोट ठेवलं: "मॅडम, म्हणजे इथे दोन्ही एकदम गप्प झाले तरच औषध नाही असं म्हणता येईल." अगदी बरोबर. एक खूण बुजली तर दुसरी बोलते. औषध आहे की नाही, आणि असेल तर भोवतालची रासायनिक स्थिती काय, हे दोन प्रश्न सुटे होतात. २०१७ मध्ये त्याच गटानं नायट्रॉक्साइड अधिक टिकाऊ करून उंदरांतल्या गाठींचं एमआरआय दाखवलं. धातूविना हे साधलं तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना फार मोठा आधार होईल. आमच्या साखळीवरही नायट्रॉक्साइड जोडून पाहायचं ठरलं.

३० जुलै, बुधवार

ऑपरेशन थिएटरमध्ये खरोखर काय पोचलं आहे, याची उजळणी. २०२१ च्या शेवटी अमेरिकेत पॅफोलॅसायनाइनला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी फुप्फुसासाठी. हा रंग फोलेटला जोडलेला आहे आणि फोलेट ओढून घेणाऱ्या पेशींत शिरतो. एप्रिल २०२४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी पेग्युलिसायनाइन. तो मला जवळचा, कारण त्याच्या पाठीशी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी आहे. गाठीतली विकरं एक दुवा कापतात तेव्हा दाबलेला उजेड मोकळा होतो. त्याच्या वेष्टनावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा आहे. डेक्स्ट्रानलाही हा धोका चुकलेला नाही, तो आधी तपासावा लागेल.

हे सगळे एकेका कामाचे रंग आहेत. प्रकाश आणि एमआरआय दोन्हींना दिसणारं एकही द्रव्य अजून रुग्णापर्यंत मंजूर होऊन आलेलं नाही.

एका शोधनिबंधात विंचवाचा उल्लेख आला. क्लोरोटॉक्सिन हे मध्यपूर्वेतल्या पिवळ्या विंचवाच्या विषातलं पेप्टाइड ग्लायोमाच्या पेशींना चिकटतं. २००५ साली सिॲटलमध्ये लोहाच्या कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण, त्यावर क्लोरोटॉक्सिन आणि सीवाय ५.५ असं साधन तयार झालं. आपल्याकडे विंचू म्हटलं की आठवतात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देऊन त्यांनी किती मुलांना मरणाच्या दारातून परत आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मी यासाठी नोंदवते की त्यांनी सरकारी दवाखान्यात परवडेल असं, आधीच हाताशी असलेलं औषध शोधलं. आमची साखळी कितीही हुशार झाली आणि परळच्या फुटपाथवर मुक्काम करून टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कुटुंबाला ती मिळणार नसेल, तर काम अर्धंच राहिलं. डेक्स्ट्रान स्वस्त आहे. तो धरून ठेवण्याचं हेही एक कारण.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या नैतिकता समितीला द्यायचा अर्ज आज पुरा केला. लिहिताना साखळीच्या लांबीचा प्रश्न निकालात काढावा लागला.

लांब साखळी रक्तात जास्त वेळ फिरते, म्हणून गाठीत जास्त साठते. पण मूत्रपिंडाची चाळणी तिला बाहेर सोडत नाही. २००७ मध्ये फ्रान्जिओनी यांच्या गटानं ही सीमा मोजून दाखवली: साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीवाटे निघून जातात, त्याहून मोठे यकृत आणि प्लीहेत अडकतात. यकृतात महिनोन्‌महिने पडून राहिलेलं गॅडोलिनियम मला नको आहे. डोटाची पकड कितीही चांगली असो, तिची तेवढी परीक्षा घ्यायचा मला अधिकार नाही. गाठीपर्यंत पोचायला मोठं असावं, बाहेर पडायला लहान: दोन्ही मागण्या खऱ्या आहेत.

म्हणून दोन प्रकारच्या साखळ्या अर्जात ठेवल्या. एक मुळातच आखूड, जी गाठीत कमी पोचेल पण सरळ बाहेर जाईल. दुसरी लांब, पण आखूड तुकड्यांची, मधल्या दुव्यांना डायसल्फाइड. पेशींमधलं ग्लुटाथायोन ते दुवे हळूहळू तोडेल आणि तुकडे लघवीवाटे निघतील असा अंदाज आहे. या दोघींची तुलना आधी निरोगी उंदरांत होईल. लघवी, यकृत, प्लीहा, हाडं, त्वचा यांतलं गॅडोलिनियम वस्तुमान वर्णपटमापकावर मोजायचं आणि टोचलेल्या मात्रेशी जुळवायचं.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, थेट गाठीच्या उंदरांपासून सुरुवात करा, चित्रं चांगली येतील, अनुदानाला मदत होईल. चांगल्या चित्रांचं मोल मलाही आहे. पण कर्करोगाचा रुग्ण आधीच केमोथेरपीनं थकलेला असतो, अनेकदा त्याची मूत्रपिंडंही. अशा शरीरात आपण काही सोडत असू तर त्यातलं किती परत आलं हे सांगणं ही पहिली जबाबदारी आहे.

अर्जात पहिलं उद्दिष्ट म्हणून तेच लिहिलं: दिलेल्या गॅडोलिनियमचा पूर्ण हिशेब. दुसरं उद्दिष्ट, एमआरआयमध्ये औषध पोचलेलं दिसतं त्या भागात आणि न पोचलेल्या भागात प्रकाशाचं चित्र किती विश्वासार्ह आहे याची स्वतंत्र खुणेशी पडताळणी. गाठीचं सुंदर चित्र तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं आहे, आणि समितीनं विचारलं तर हा क्रम का, ते मी उभं राहून सांगेन.